सर, तिसरा हायड्रोजन सापडला होता

नववीत सर रेणू शिकवत होते. फळ्यावर त्यांनी हायड्रोजनचे दोन अणू काढले, मध्ये एक छोटी रेघ मारली आणि म्हणाले, "दोघांनी एकमेकांचा हात धरला. आता यांना तिसऱ्याशी काही देणंघेणं नाही." मी हात वर केला. "सर, पण तिसरा आलाच तर?"

वर्ग खो खो हसला. मुलांच्या बाकांवरून कोणीतरी "कबाब में हड्डी" असंही म्हणालं. (कोण ते मला माहीत आहे. मेळाव्याला येणार आहेस ना, तिथे बघते तुला.) सर मात्र हसले नाहीत. हातातला खडू खाली ठेवून म्हणाले, "पुस्तकात नाही, एवढंच मला सांगता येईल. जगात नाही, हे मी कसं सांगू? तू शोध. सापडलं तर मलाही सांग."

मी शोधलं नाही. १९९६ मध्ये आपण दहावी झालो, मग बारावी, इंजिनिअरिंग, कॅम्पस इंटरव्ह्यू. गेली वीस-बावीस वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते आणि आता बहुतेक वेळ दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासते. स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने बजावलं होतं की आठवणी खूप आल्या आहेत, तू काहीतरी माहितीचं लिही. म्हणून तीस वर्षं राहिलेला गृहपाठ आज पूर्ण करते आहे. हा इतिहास आहे तिसऱ्या हायड्रोजनचा आणि ज्या माणसाने त्याच्यामागे अर्धं आयुष्य घालवलं त्या ताकेशी ओका यांचा.

आधी उत्तर. तीन हायड्रोजन एकत्र राहू शकतात, पण एक अट आहे. त्यांच्यातला एक इलेक्ट्रॉन कमी हवा. तीन प्रोटॉन समभुज त्रिकोणाच्या तीन टोकांवर बसतात आणि दोन इलेक्ट्रॉन तिघांना मिळून धरून ठेवतात. एक इलेक्ट्रॉन कमी म्हणून त्यावर धन प्रभार असतो. शास्त्रज्ञ त्याला एच-थ्री-प्लस म्हणतात. म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हा उत्तर जगाला माहीत होतं. आपल्या पुस्तकापर्यंत ते आलं नव्हतं, इतकंच.

किती आधी माहीत होतं? १९११ मध्ये. इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन विरळ वायू भरलेल्या नळीतून विजेचा प्रवाह सोडून, त्यातून निघणारे धन प्रभारित कण त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळे करत होते. त्यात त्यांना हायड्रोजनच्या अणूच्या तिप्पट वजनाचा कण दिसला. पुढे कळलं की हायड्रोजन भरलेल्या अशा नळीत हा आयन भरपूर तयार होतो. इलेक्ट्रॉन गमावलेला एक हायड्रोजन रेणू साध्या हायड्रोजन रेणूवर आदळतो, त्याच्याकडे एक प्रोटॉन सोपवतो, आणि तीन हायड्रोजनचा त्रिकोण तयार होतो.

पण वजन कळणं वेगळं आणि ओळख पटणं वेगळं. अंधाऱ्या खोलीत कोणीतरी आहे हे पावलांच्या आवाजावरून कळतं. तो कोण आहे हे कळायला चेहरा दिसावा लागतो. रेणूचा चेहरा म्हणजे त्याचा वर्णपट.

आठवतं का, सरांनी खिडक्यांना काळे कागद लावून स्पिरिटच्या दिव्यावर चिमूटभर मीठ टाकलं होतं आणि ज्योत पिवळीधमक झाली होती? तो पिवळा रंग सोडियमचा. प्रत्येक अणू आणि रेणू प्रकाशातल्या ठरावीक तरंगलांबीच देतो किंवा घेतो. त्या तरंगलांबी म्हणजे वर्णपटातल्या रेषा, आणि कोणत्याही दोन पदार्थांच्या रेषांची मांडणी सारखी नसते. म्हणून कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या वायूचा नमुना हातात न घेता त्यात काय आहे हे सांगता येतं. १९४१ पर्यंत ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत तीन रेणू अशा रेषांवरून ओळखले गेले होते. १९६८-६९ मध्ये रेडिओ दुर्बिणींना तिथे अमोनिया, पाणी आणि फॉर्मल्डिहाइड सापडलं आणि खगोलरसायन हे शास्त्र जोमाने वाढू लागलं.

आता ओका. त्यांचा जन्म १९३२ चा, टोकियोतला. टोकियो विद्यापीठातून १९६० मध्ये डॉक्टरेट घेऊन ते १९६३ मध्ये कॅनडात ओटावाला नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगशाळेत आले. रेणूंच्या वर्णपटांचं काम करणाऱ्यांना तेव्हा ही जागा पंढरीसारखी होती. तिथले विठोबा म्हणजे गेरहार्ड हर्झबर्ग. हर्झबर्ग मूळचे जर्मन. त्यांची पत्नी लुईझ ज्यू होती, म्हणून नाझी राजवटीत त्यांना १९३५ मध्ये देश सोडून कॅनडात यावं लागलं. पुढे ओटावात त्यांनी ही प्रयोगशाळा नावारूपाला आणली आणि १९७१ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सत्तरच्या दशकात ओका तिथल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांबरोबर आकाशात कार्बनच्या लांब साखळ्या शोधत होते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात हॅरी क्रोटो यांच्या गटाने असे रेणू प्रयोगशाळेत बनवून त्यांच्या रेषा मोजायच्या आणि कॅनडातल्या अल्गोंक्विन वेधशाळेच्या ४६ मीटरच्या दुर्बिणीने त्या आकाशात शोधायच्या, असं काम चालायचं. पाच कार्बनची साखळी सापडली, मग सात कार्बनची. नऊ कार्बनच्या साखळीची प्रयोगशाळेतली मोजणी कोणाकडेच नव्हती. ओकांनी आधीच्या साखळ्यांच्या आकड्यांवरून पुढचा आकडा हिशेबाने काढला, दुर्बीण तिथे लावली, आणि रेषा सापडली. याच कुतूहलातून क्रोटो पुढे १९८५ मध्ये साठ कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूपर्यंत पोहोचले आणि त्या शोधाबद्दल १९९६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे वाटेकरी झाले.

पण याच काळात, १९७५ च्या सुमाराला, ओकांनी दुसरं एक काम हाती घेतलं होतं. त्यात यशाची खात्री कोणी दिली नसती. ते काम म्हणजे एच-थ्री-प्लसचा वर्णपट शोधणं.

त्याची गरज का होती? तारे ज्या वायूच्या ढगांमधून जन्मतात ते ढग अतिशय थंड असतात, निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम १० ते २० अंश. अशा थंडीत बहुतेक रासायनिक क्रिया चालूच शकत नाहीत. मग तिथे एवढे रेणू कसे बनतात? १९७३ मध्ये एरिक हर्ब्स्ट आणि विल्यम क्लेम्परर यांनी, आणि स्वतंत्रपणे विल्यम वॉटसन यांनी, याचं उत्तर मांडलं. वैश्विक किरण ढगातल्या हायड्रोजन रेणूचा इलेक्ट्रॉन उडवतात, त्यातून एच-थ्री-प्लस बनतो, आणि तो भेटेल त्या अणूला किंवा रेणूला आपला जास्तीचा प्रोटॉन देतो. अशा क्रियेला उष्णता लागत नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी घरोघर सोनं वाटत फिरणाऱ्या माणसासारखा हा आयन आहे. कार्बन मोनॉक्साइडला प्रोटॉन दिला की एक नवा आयन. नायट्रोजनला दिला की दुसरा. ऑक्सिजनला दिला की त्यापुढे पायरीपायरीने पाणी तयार होतं. काही रेणू धुळीच्या कणांवरही बनतात, पण वायूतल्या रसायनाचा आरंभ इथे आहे, असा हा सिद्धान्त होता. त्यातला मुख्य नायकच अजून आकाशात कोणी पाहिला नव्हता. आणि पाहणार कसा? त्याचा चेहरा कसा असतो हे पृथ्वीवरही कोणाला माहीत नव्हतं.

अडचण अशी होती की हा त्रिकोण इतका सममित आहे की रेडिओ लहरींमध्ये त्याच्या नेहमीच्या रेषा मिळत नाहीत. दृश्य प्रकाशातही तो दिसत नाही. उरतो फक्त अवरक्त प्रकाश. त्रिकोण थरथरतो तेव्हा तो अवरक्तातल्या काही तरंगलांबी शोषतो. त्या साधारण कुठे असतील याचं गणित सिद्धान्तवाल्यांनी केलं होतं, पण ते नेमकं नव्हतं. गाव माहीत, पण गल्ली आणि घर नंबर माहीत नाही, अशी स्थिती. आणि रेषा इतक्या क्षीण की दारासमोरून गेलात तरी घर चुकेल.

ओकांनी द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेली लांब काचेची नळी घेतली, तीत हायड्रोजन भरून विजेचा प्रवाह सोडला आणि आरशांच्या मदतीने त्यातून अवरक्त लेझरचा किरण पुन्हा पुन्हा फिरवला. हा लेझरही सरळ मिळणारा नव्हता. दोन लेझर एका स्फटिकात मिसळून त्यांच्या वारंवारतेतल्या फरकाएवढ्या वारंवारतेचा नवा, मंद किरण तयार करायचा, आणि मग तो किंचित किंचित सरकवत कुठे प्रकाश कमी होतो का ते बघत बसायचं. नळीत एच-थ्री-प्लस आहे याची खात्री होती. तो दिसत नव्हता.

पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं.

याच सुमारास खुद्द हर्झबर्गही एच-थ्री-प्लसच्या मागे होते. १९७९ मध्ये त्यांना त्या शोधात तीन हायड्रोजनचा उदासीन, म्हणजे इलेक्ट्रॉन परत मिळालेला आणि क्षणभरच टिकणारा रेणू सापडला. पंचाहत्तरीच्या घरातल्या माणसासाठी हा मोठा शोध होता. ओकांना मात्र पाहिजे ते अजून मिळालेलं नव्हतं.

१९८० च्या वसंतात एक रेषा दिसली. मग दुसरी. शेवटी पंधरा मिळाल्या. पण त्या पंधरांमध्ये नजरेला कळेल असा काही क्रम नव्हता. साध्या रेणूच्या रेषा कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने येतात. या इतस्ततः विखुरलेल्या होत्या. जेम्स वॉटसन यांनी (हे डीएनएवाले वॉटसन नव्हेत, आणि वर आलेले विल्यम वॉटसनही नव्हेत) गणिताने त्यांची संगती लावली. कोणती रेषा त्रिकोणाच्या कोणत्या फिरण्यातून आणि थरथरण्यातून आली ते ठरलं. थॉमसन यांच्यानंतर ६९ वर्षांनी एच-थ्री-प्लसला चेहरा मिळाला. ओकांनी तो निबंध त्याच वर्षी एकट्याच्या नावाने प्रसिद्ध केला.

१९७५ ते १९८०. या पाच वर्षांत ओका साधारण ४३ ते ४८ वर्षांचे होते. म्हणजे आपण सगळे आज जिथे आहोत तिथे. हे वाचताना मी थांबले ती या आकड्यांपाशी, आणि त्याला एक कारण आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये एक मुलगा होता. आमच्या प्रणालीत आठवड्यातून एखादा व्यवहार दोनदा नोंदला जातोय असा त्याला संशय होता. तीन आठवडे तो त्याच्या मागे होता. हाती पुरावा नव्हता, होती फक्त लॉगमधली दोन-तीन विचित्र वेळांची नोंद. मला दर शुक्रवारी वर अहवाल द्यायचा असे. चौथ्या सोमवारी मी त्या कामावर "पुन्हा घडवून दाखवता येत नाही" असा शेरा मारला, ते बंद केलं आणि त्याला दुसऱ्या कामावर घातलं. सहा-सात महिन्यांनी तोच दोष एका ग्राहकाकडे उघडा पडला, चांगलाच महागात पडला. त्याची शंका शब्दशः खरी होती. तोवर तो नोकरी सोडून गेला होता. मी त्याला फोन केला नाही. काय बोलायचं हेच सुचलं नाही.

ओटावातल्या त्या इमारतीत कोणी ओकांच्या कामावर असा शेरा मारला नाही. ते इतर कामंही करत होते, निबंध लिहीत होते, हे खरं. पण एक रिकामी रेघ काढणारं यंत्र पाच वर्षं चालू राहिलं. आपला शोध कोणी मध्येच बंद करणार नाही, एवढा विश्वास त्यांना तिथे मिळाला, असं मला वाटतं.

पुढची गोष्ट ऐका, कारण इथे आपली तुकडी येते.

चेहरा कळल्यावर ओका लगेच आकाशाकडे वळले. १९८१ मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले. त्याच वर्षी त्यांचा आंतरतारकीय एच-थ्री-प्लसच्या शोधाचा पहिला निबंध आला. हाती काही लागलं नव्हतं. १९८९ मध्ये टॉम गेबॉल यांच्यासोबत दुसरा निबंध. पुन्हा काही नाही. मजा म्हणजे त्याच १९८९ मध्ये इतर शास्त्रज्ञांना गुरू ग्रहाच्या ध्रुवांजवळच्या प्रकाशात एच-थ्री-प्लस सापडला. तो ओकांनी प्रयोगशाळेत उघडलेल्या दारातूनच ओळखता आला. पुढे शनी आणि युरेनसवरही तो मिळाला. पण ओकांना तो पाहिजे होता ताऱ्यांच्या मधल्या ढगांमध्ये. सिद्धान्त खरा की खोटा हे तिथेच ठरणार होतं.

दरम्यान अवरक्त दुर्बिणींची यंत्रं कितीतरी पटींनी सुधारली. १९९६ च्या एप्रिल महिन्यात हवाईमधल्या मौना केआ पर्वतावर, सुमारे ४,२०० मीटर उंचीवर असलेल्या ब्रिटनच्या ३.८ मीटरच्या अवरक्त दुर्बिणीने गेबॉल आणि ओका यांनी दोन कोवळ्या ताऱ्यांकडे पाहिलं. हे तारे दाट ढगांत दडलेले आहेत. त्यांचा प्रकाश ढगातून बाहेर येताना ३.६७ मायक्रॉनच्या आसपास, जिथे हव्या होत्या तिथे, दोन बारीक रेषांपुरता कमी झालेला दिसला.

तरीही त्यांनी लगेच घोषणा केली नाही. आपल्या स्वतःच्या वातावरणातल्या वायूंच्या रेषाही त्याच भागात असतात. फसवणूक सहज होऊ शकते. ते जुलैपर्यंत थांबले. तीन महिन्यांत पृथ्वी सूर्याभोवती आपल्या मार्गावर पुढे जाते, तिच्या चालण्याची दिशा बदलते. गाडी जवळ येताना आणि लांब जाताना तिच्या शिट्टीचा सूर बदलतो, तसंच ढगातून येणाऱ्या रेषेची जागा किंचित सरकायला हवी. पृथ्वीच्या हवेतली रेषा मात्र सरकणार नाही. जुलैत पुन्हा पाहिलं. रेषा सरकल्या होत्या, आणि हिशेबाने जेवढ्या सरकायला हव्या तेवढ्याच. नोव्हेंबरमध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला. ओका तेव्हा ६४ वर्षांचे होते. पहिल्या अपयशी शोधापासून १५ वर्षं झाली होती, काम हाती घेतल्यापासून २१.

आता तारखा जुळवून बघा. त्या एप्रिलमध्ये आपली दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि आपण निकालाची वाट बघत आंबे खात होतो. जुलैत आपण अकरावीच्या प्रवेशाच्या रांगांमध्ये उभे होतो, कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. माझ्या प्रश्नाचं आकाशातलं उत्तर नेमकं त्या तीन महिन्यांत येत होतं.

गोष्ट तिथे संपली नाही. १९९८ मध्ये ओका, त्यांचे विद्यार्थी बेंजामिन मॅकॉल आणि सहकारी यांना एच-थ्री-प्लस विरळ वायूतही सापडला. तिथे मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात आणि ते त्याला चटकन मोडून टाकतात, म्हणून तिथे तो मिळेल अशी अपेक्षा नव्हती. मग तो टिकतो कसा? २००३ मध्ये मॅकॉल यांनी सहकाऱ्यांसह याचा उलगडा मांडला. तो मोडण्याचा वेग स्टॉकहोममधल्या यंत्रावर नव्याने मोजला गेला आणि निष्कर्ष निघाला की त्या ढगात वैश्विक किरणांचा मारा पूर्वी मानत होते त्यापेक्षा सुमारे ४० पट जास्त असला पाहिजे. म्हणजे ज्याला शोधण्यात आयुष्य गेलं तोच आता मोजपट्टी झाला. त्यानंतर ओकांनी आपल्या आकाशगंगेच्या केंद्राजवळचा वायू याच मोजपट्टीने मोजायला घेतला. त्यावरचा त्यांचा एक मोठा निबंध २०१९ मध्ये आला, वयाच्या ८७ व्या वर्षाच्या आसपास.

एवढं सगळं लिहून झाल्यावर मी त्या मुलाचा नंबर शोधला आणि फोन केला. पहिल्यांदा तो ओळखेना. मग मी म्हटलं, "तू बरोबर होतास. तुझं काम मी बंद करायला नको होतं." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मॅडम, दोन नोंदींमधलं अंतर शेवटी किती निघालं?" त्याला अजूनही ते जाणून घ्यायचं होतं. आम्ही पाऊण तास बोललो.

सर, तुम्ही मेळाव्याला येणार आहात असं कळलं. तुम्हाला तो तास आठवत नसेलही, रोज कितीतरी जणींनी हात वर केला असेल. तुम्ही "असं काही नसतं, खाली बस" म्हणाला असता तर मीही कधीच विसरून गेले असते. तुम्ही "सापडलं तर मलाही सांग" म्हणालात, म्हणून इतक्या वर्षांनी का होईना, सांगते आहे. तिसरा आला तर तोही हात धरतो, फक्त एक इलेक्ट्रॉन सोडावा लागतो.

मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर अर्धा तास आपली जुनी प्रयोगशाळा उघडून मिळेल, असं मुख्याध्यापकांनी कबूल केलं आहे. लोलक आणि एक छोटा वर्णपटदर्शक मी आणते. स्पिरिटचा दिवा, काळे कागद आणि चिमूटभर मीठ कोणीतरी आणा. ज्याने "कबाब में हड्डी" म्हटलं होतं, त्याने खिडक्या लावायच्या.